कर्णधारपद गेल्यानंतर

बॅडमिंटनच्या कोर्टावर मी गेली चार वर्षे दुहेरी खेळतो आहे. एकेरीत मला फारशी गती नाही. दुहेरीत मात्र जाळीजवळ उभे राहून समोरून येणारे फूल अडवणे मला जमते, आणि मागून स्मॅश मारणारा जोडीदार चांगला मिळाला आहे. आमच्या जोडीने दोन वर्षे बऱ्यापैकी सामने जिंकले. त्यामुळे यंदा संघाचे कर्णधारपद आपल्याकडे येणार, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. फलकावर यादी लागली तेव्हा माझे नाव होते, पण पहिले नव्हते. कर्णधार म्हणून माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान असलेल्या खेळाडूची निवड झाली होती. तो खेळतो बरा. पण माझ्या मते त्याच्या खेळापेक्षा त्याच्या ओळखी मोठ्या होत्या. माझे हे मत रागातले असेल, हेही येथेच सांगून टाकतो.

त्या संध्याकाळी मी संघातून नाव काढून घ्यायचे ठरवले. अर्जही लिहिला. तो शनिवारपर्यंत द्यायचा होता. अडचण एकच होती. दुहेरीत एकट्याला माघार घेता येत नाही. मी बाहेर पडलो की माझा जोडीदारही बाहेर पडणार, कारण ऐन वेळी त्याला दुसरा साथीदार कोठून मिळणार? त्याचे तर पहिलेच वर्ष.

घरी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मी ही हकीकत सांगितली. आबा जन्माने नागपूरचे, आणि क्रिकेट हा त्यांचा धर्म. १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यात सिव्हिल लाइन्सच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर नागपूरचा पहिला कसोटी सामना न्यूझीलंडविरुद्ध झाला, तेव्हा ते शाळेतल्या मुलाच्या उत्साहाने तेथे बसले होते. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि सी. के. नायडूंना १९३६ साली काय झाले ते वाच, एवढेच सुचवून ते अंगणात निघून गेले. मला राग आला. मी बॅडमिंटनबद्दल बोलत होतो आणि हे मला क्रिकेट सांगत होते! पण दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो. तेथे तीन दुपारी बसून जे वाचले, ते येथे माझ्या शब्दांत मांडतो आहे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी आपल्या नागपुरात झाला. घराणे तेलुगु आणि सुखवस्तू. वडील सूर्यप्रकाशराव विलायतेत शिकून आलेले वकील. त्या काळचे नागपूर हे मध्य प्रांताच्या राजधानीचे शहर. कचेऱ्या, वकील, मिशनऱ्यांच्या शाळा आणि मोकळी मैदाने यांची येथे वाण नव्हती. सी. के. हिस्लॉपच्या शाळेत आणि पुढे महाविद्यालयात शिकले आणि तेथेच क्रिकेट खेळू लागले. उंच, सडपातळ आणि पाठीत जराही बाक नसलेली त्यांची आकृती साठी उलटल्यावरही तशीच राहिली.

१९१६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध पहिल्यांदा प्रथम श्रेणीचा सामना खेळले. ही स्पर्धा जातिधर्माच्या नावाने चाले. आज आपल्याला ते चमत्कारिक वाटते, पण त्या काळी देशातले सर्वांत मोठे क्रिकेट तेच होते. सी. के. खेळायला आले तेव्हा हिंदूंचे सात गडी ७९ धावांत बाद झाले होते. अशा वेळी नवख्या पोराने अंग चोरून खेळावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. त्यांनी पहिले तीन चेंडू अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावून षट्कार घेतला. पुढल्या सत्तेचाळीस वर्षांच्या खेळाची नांदी त्या एका चेंडूत होती.

१९२३ मध्ये इंदूरच्या महाराजा तुकोजीराव होळकरांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावून घेतले आणि सैन्यात हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. कर्नल सी. के. हे त्यांचे नाव क्रिकेटच्या जगात रूढ झाले ते तेव्हापासून. नागपूर सुटले आणि इंदूर हे घर झाले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खेळावर पोट भरणारा व्यावसायिक खेळाडू ही कल्पना त्या काळी आपल्याकडे रुजलेली नव्हती. इंग्लंडात हौशी खेळाडू वेगळे आणि पैसे घेऊन खेळणारे वेगळे, असा भेद होता, आणि तो १९६२ पर्यंत टिकला. दोघांचा दर्जाही एक मानला जात नसे. आपल्याकडे संस्थानिक हेच खेळाडूंचे पोशिंदे. कोणाला सैन्यात हुद्दा, कोणाला दरबारात जागा, कोणाला नुसता तनखा. खेळाडूचा खेळ त्याचा स्वतःचा. पण त्याची रोजीरोटी, त्याची निवड आणि त्याचे कर्णधारपद हे सारे दुसऱ्याच्या मर्जीवर. सी. के. नायडूंची सबंध कारकीर्द या दोन टोकांमध्ये उभी आहे. पुढे १९४१ साली एका टॉनिकच्या जाहिरातीत त्यांचे नाव आणि चित्र झळकले. कंपनीच्या मालासाठी आपले नाव देणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. आज खेळाडू जाहिरातींवर कोट्यवधी रुपये मिळवतात, तेव्हा ही वाट कोणी पाडली हे कोणाच्या ध्यानीही नसते.

ज्या खेळीने सी. के. देशभर घरोघरी पोहोचले ती १९२६ सालची. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात आला होता. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्याचा सामना हिंदू संघाशी होता. पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या. त्यात गाय अर्ल नावाच्या फलंदाजाने षट्कारांची आतषबाजी करून लोकांचे डोळे दिपवले होते. गोरा साहेब असा मारतो, आपल्या लोकांनी फक्त बघायचे, अशी भावना प्रेक्षकांत असेल तर नवल नाही. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, सी. के. मैदानात उतरले. त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या आणि त्यांत अकरा षट्कार मारले. बातमी शहरात पसरली तशी माणसे कचेऱ्या सोडून मैदानाकडे धावली. झाडे आणि आसपासच्या इमारतींच्या गच्च्या माणसांनी भरून गेल्या. हिंदू संघाच्या ३५६ धावांपैकी १५३ एकट्या सी. के. यांच्या होत्या. एम. सी. सी. ने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानला कसोटी सामने खेळण्याचा हक्क मिळाला पाहिजे हे गिलिगन यांना पटले, त्याला या दौऱ्यात पाहिलेला असा खेळ कारण झाला. दोन वर्षांनी, १९२८ च्या डिसेंबरात, आपले क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

१९३२ साली हिंदुस्थानचा संघ पहिल्या कसोटीसाठी विलायतेला निघाला. त्याचे नेतृत्व कोणी करायचे? उत्तम खेळाडू कोण, हा प्रश्न नव्हताच. संघाचा नेता राजघराण्यातलाच असला पाहिजे, हे गृहीत होते. पोरबंदरचे महाराज कर्णधार झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार. सी. के. त्यांच्यानंतर. पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. मोजके सामने खेळून ते समजूतदारपणे बाजूला झाले. लिंबडीकरांची पाठ कसोटीच्या आधी दुखावली. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी कर्णधार म्हणून आपले नागपूरचे सी. के. नायडू उतरले.

ही गोष्ट सरळ झाली नाही. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली खेळणे काही खेळाडूंना मानवत नव्हते. शिवाय सी. के. शिस्तीला कडक आणि बोलायला तुटक. सामन्याच्या आदल्या रात्री काही जणांनी त्यांच्याविरुद्ध बंड केले आणि वरून ताकीद आल्यावर ते शमले, असे सांगतात. म्हणजे देशाच्या पहिल्या कसोटी सामन्यात आपले अकरा जण मैदानात उतरले तेव्हा त्यांतले काही जण कर्णधाराकडे पाठ फिरवायला तयार होते! तरीही सुरुवात स्वप्नात पाहावी तशी झाली. निसारने सटक्लिफ आणि होम्स या नावाजलेल्या सलामीवीरांचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाला, आणि इंग्लंडची अवस्था तीन बाद १९ अशी झाली. पुढे जार्डिनने ७९ धावा करून डाव सावरला आणि तो २५९ वर संपला. क्षेत्ररक्षण करताना सी. के. यांच्या हाताला इजा झाली. त्याच दुखऱ्या हाताने खेळून त्यांनी ४० धावा काढल्या. त्या डावात आपल्या संघातल्या कोणाच्याही त्याहून अधिक धावा नव्हत्या. आपण सामना १५८ धावांनी गमावला, पण हा संघ पोरखेळ करायला आलेला नाही, हे इंग्लंडला कळून चुकले.

त्या दौऱ्यात सी. के. यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले. ते छत्तीस वर्षांचे होते, हे लक्षात ठेवावे. बर्मिंगहॅमजवळ एजबॅस्टनला त्यांनी मारलेला एक षट्कार रिया नदीच्या पलीकडे गेला. त्या काळी ती नदी दोन परगण्यांची हद्द होती, म्हणून चेंडू एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात गेला, अशी आख्यायिका तेव्हापासून सांगितली जाते. विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथाने १९३३ च्या अंकात वर्षातल्या पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली.

पुढच्याच वर्षी जार्डिनचा संघ हिंदुस्थानात आला. आपल्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी बॉम्बे जिमखान्यावर सुरू झाला आणि कर्णधार पुन्हा सी. के. झाले. या सामन्यातल्या एका भागीदारीबद्दल मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण मी दुहेरी खेळणारा माणूस आहे. दुसऱ्या डावात आपले दोन गडी २१ धावांत गेले होते. पराभव समोर दिसत होता. तेथे लाला अमरनाथ हा बावीस वर्षांचा, पहिलाच कसोटी सामना खेळणारा तरुण आणि अडतीस वर्षांचे सी. के. एकत्र आले. अमरनाथ बेभान होऊन मारत सुटला. षट्कारांचा राजा म्हणून ज्यांची ख्याती, ते सी. के. मात्र दुसऱ्या टोकाला सावरून उभे राहिले. दोघांनी १८६ धावांची भर घातली. अमरनाथच्या ११८ धावा झाल्या आणि कसोटीतले पहिले भारतीय शतक त्याच्या नावावर लागले. लोक मैदानात धावले, त्याच्या गळ्यात हार पडले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सी. के. यांच्या ६७ धावा कोणाच्या ध्यानात राहिल्या नाहीत. जोडीतला एक जण पुढे येऊन मारतो तेव्हा दुसऱ्याने मागची सारी जागा राखायची असते. दुहेरीचे पहिले सूत्र हेच. मला ते चार वर्षे खेळून समजले, असे वाटत होते. त्या दुपारी ग्रंथालयात ते पुन्हा समजले.

आता आबांनी सांगितलेल्या १९३६ सालाकडे वळतो. पुन्हा विलायतेचा दौरा ठरला. दोन मालिकांत नेतृत्व केलेला सी. के. यांच्यासारखा अनुभवी कर्णधार हाताशी होता. पतौडीच्या नवाबांचे नाव आधी पुढे आले. त्यांनी माघार घेतली. मग निवड झाली ती विजयानगरमच्या महाराजकुमारांची, म्हणजे विझी यांची. खेळाडू म्हणून विझी अगदी बेताचे. तीन कसोटी सामन्यांत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या. पण पैसा आणि वजन त्यांच्याकडे अमाप होते आणि दौरा चालू असतानाच त्यांना सर हा किताब मिळाला. त्यांच्या हाताखाली सी. के. यांना साधा खेळाडू म्हणून खेळायचे होते.

हा दौरा आपल्या क्रिकेटच्या इतिहासातला एक ओंगळ अध्याय आहे. संघात दोन तट पडले. अमरनाथसारख्या गुणी खेळाडूला बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीच्या आधीच मायदेशी परत पाठवण्यात आले. सी. के. यांचा अपमान केला की कर्णधाराची मर्जी बसते, इतपत गोष्टी सांगितल्या जात. त्यांतल्या खऱ्या किती आणि रचलेल्या किती, हे आज ठरवणे कठीण. एवढे खरे की चार वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्यांनी देशाचा संघ नेला, त्याच लॉर्ड्सवर ते आता दुसऱ्याच्या इशाऱ्यावर जागा बदलत उभे होते. वय चाळीस. धावाही होत नव्हत्या. लॉर्ड्सला १ आणि ३, मँचेस्टरला १६ आणि ३४, ओव्हलच्या पहिल्या डावात ५. पाच डावांत मिळून ५९ धावा. संपला हा माणूस, असे म्हणायला कोणालाही मोकळीक होती.

ओव्हलचा दुसरा डाव उरला होता. इंग्लंडच्या ४७१ धावांपुढे आपण पहिल्या डावात २२२ वर आटोपलो होतो. पराभव जवळजवळ ठरलेला. हा आपला शेवटचा कसोटी डाव आहे हे सी. के. यांनाही जाणवत असेल. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज आणि कर्णधार गबी ॲलन याचा चेंडू त्यांच्या अंगावर जोराने आदळला. ते कळवळले, पण मैदान सोडून गेले नाहीत. पुन्हा उभे राहिले आणि ८१ धावा काढून मगच बाद झाले. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतली ती सर्वोच्च धावसंख्या. संघाच्या ३१२ धावा झाल्या, तरी आपण सामना नऊ गड्यांनी हरलो. सी. के. पुन्हा कसोटी खेळले नाहीत. सात कसोटी, ३५० धावा, सरासरी बरोबर २५. हे आकडे पाहून ते कोण होते हे कोणाला कळायचे नाही.

मी वाचताना येथे थांबलो होतो. मला वाटले, आबांनी दाखवायचे ते एवढेच असावे. मानहानी सोसूनही शेवटचा डाव नीट खेळावा. ठीक आहे. पण त्यात माझे समाधान होत नव्हते. एक चांगला डाव खेळून माणूस हात झटकून निघून गेला, तर त्याने राग जिंकला असे कसे म्हणायचे? म्हणून पुढची पाने उलटली, आणि खरी गोष्ट तेथे सुरू होते हे लक्षात आले.

कसोटी संपली तेव्हा सी. के. चाळीस वर्षांचे होते. त्यानंतर वीस वर्षे ते रणजी स्पर्धेत खेळले. होळकरांच्या संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते, आणि एका संस्थानाचा तो संघ त्यांनी असा घडवला की १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत तो आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा अजिंक्य ठरला. मुश्ताक अली हा इंदूरचा मुलगा. तो तेरा-चौदा वर्षांचा असताना सी. के. यांनी त्याचा खेळ हेरला होता. चंदू सरवटे होते, नागपूरलाच जन्मलेले हिरालाल गायकवाड होते, आणि सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू होते. या संघात शिस्त लष्करी. दुखापतीची सबब चालायची नाही, उशीर चालायचा नाही. त्यांच्या वागण्याचा जाच काहींना झाला असणार. प्रेमळ कर्णधार म्हणून त्यांची कीर्ती नाही. पण जे दुसऱ्याला सांगत ते ते स्वतः करीत, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले.

१९४४-४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना पाहा. मुंबईने दोन्ही डावांत मिळून १२२६ धावा केल्या. सी. एस. यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. शेवटी होळकर संघापुढे ८६७ धावांचे आव्हान उरले. इतक्या धावा कोणी करतो का? पण संघ लढला. युद्धामुळे हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून खेळत होता. तो २४९ धावांवर नाबाद राहिला, डाव ४९२ पर्यंत गेला आणि होळकर ३७४ धावांनी हरले. पुढच्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नाशी गाठलेल्या सी. के. यांनी स्वतः २०० धावा काढल्या आणि होळकर पहिल्यांदा रणजी करंडक जिंकले.

१९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दोन दात तुटले. तेव्हा वय छप्पन्न. लोक धावत आले. सी. के. यांनी सर्वांना बाजूला सारले, खेळपट्टीवर पडलेले दात बॅटने दूर केले आणि पुढचा चेंडू खेळायला उभे राहिले. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या. मी हा प्रसंग वाचला तेव्हा प्रथम हसू आले आणि मग अर्जाची आठवण होऊन लाज वाटली. माझा तर एक दातही हललेला नव्हता.

१९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ रणजी स्पर्धेत नव्याने उतरला, तेव्हा त्या नवख्या पोरांचे नेतृत्व त्यांनी केले. १९५६-५७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून ते शेवटचे रणजी सामने खेळले. १९६३-६४ मध्ये एका मदतनिधीच्या सामन्यात ते अखेरचे प्रथम श्रेणीच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांना अडुसष्ट वर्षे पूर्ण झाली होती. १९१६ पासून १९६३! एकूण २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी. १९५६ साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. निवड समितीवरही त्यांनी काम केले. म्हणजे ज्या निवडीने त्यांना एकदा खाली उतरवले होते, त्याच निवडीची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या आणि क्रिकेटच्या पहिल्या स्त्री समालोचकांपैकी एक. त्यांनी वडिलांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. नागपुरात कसोटी सामना झालेला पाहणे सी. के. यांच्या नशिबी नव्हते. आबांनी पाहिला तो पहिला सामना त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी झाला. आज मंडळातर्फे देण्यात येणाऱ्या जीवनगौरव पुरस्काराला आणि तरुणांच्या एका स्पर्धेला त्यांचे नाव आहे. ज्यांनी त्यांचे कर्णधारपद काढून घेतले, त्यांची आठवण आज निघते ती बहुधा त्या एका दौऱ्यापुरती.

पण नाव राहिले, म्हणून त्यांचे बरोबर ठरले, असे मी म्हणणार नाही. नाव राहीलच असे १९३६ साली त्यांना कोणी लिहून दिले नव्हते. आणि कर्णधारपद जाण्यात अन्याय नव्हता, असेही मी म्हणणार नाही. अन्याय होताच. अन्याय झाला तर तो अन्यायच म्हणावा. मला त्यांच्या चरित्रातून घ्यावीशी वाटते ती गोष्ट साधी आहे. कर्णधारपद दुसऱ्याने दिलेले असते, म्हणून दुसऱ्याला ते काढून घेता येते. खेळ कोणी दिलेला नसतो. तो आपण स्वतःच सोडला तरच जातो. विझींनी सी. के. यांचे पद घेतले. खेळ घेण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. माझ्या बाबतीत ते काम मी स्वतःच, एका कोऱ्या कागदावर सही करून, करायला निघालो होतो. आणि जाता जाता जोडीदाराचाही खेळ घेऊन जाणार होतो.

आबांना मी हे सारे सांगितले नाही. शनिवारी संध्याकाळी रॅकेट काढताना त्यांनी मला पाहिले आणि काही न बोलता पेपर वाचत राहिले. अर्ज अजून माझ्या वहीत आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर या लेखाची पहिली टिपणे काढली होती.

त्या दिवशी सरावाला आमच्या जोडीसमोर नवा कर्णधार आणि त्याचा साथीदार उभे होते. माझा जोडीदार पहिल्याच खेळीत घाईने पुढे धावला आणि मागचा कोपरा उघडा पडला. पूर्वी मी त्याच्यावर ओरडलो असतो. त्या दिवशी धावत मागे गेलो आणि फूल उचलून परत दिले. आम्ही तो डाव हरलो. दुसरा जिंकलो. पुढच्या आठवड्यात आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू होतात. कर्णधार कोण आहे ते फलकावर लिहिलेलेच आहे.